निस्तार, झुडपी, गौण : झाडीपट्टीतील शब्द आणि व्युत्पत्तीची जबाबदारी

'चांद्यापासून बांद्यापर्यंत' हा वाक्प्रचार मराठीत अखिल महाराष्ट्र या अर्थाने रूढ आहे. यमक जुळले आणि नकाशाची दोन टोके एका श्वासात आली, एवढ्यावर तो भाषणांत व अग्रलेखांत टिकून राहिला. १९६४ साली चांद्याचे अधिकृत नाव चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्या जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, आणि तेव्हापासून महाराष्ट्राचे पूर्वेकडील टोक चांद्यात राहिले नाही. वाक्प्रचाराला याची खबर नाही. तो जुन्या नावाने जुनीच सीमा दाखवीत आहे. मात्र ज्या चांद्याचे नाव उभा महाराष्ट्र घेतो, त्याच्या रानातील किती शब्द उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक आहेत, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

अपरिचित शब्द सापडण्यात एक निखळ आनंद असतो, व तो नाकारण्याचे कारण नाही. व्युत्पत्तिशास्त्राचा आरंभच बहुधा या आनंदातून होतो. परंतु मराठी विभागांतून बोलींवर होणाऱ्या लेखनात हा आनंद एका ठरावीक चाकोरीत अडकलेला दिसतो. प्रबंधाच्या शेवटी परिशिष्ट, त्यात डाव्या बाजूला 'बोलीतील शब्द', उजव्या बाजूला 'प्रमाण मराठी', आणि शेवटी बोलीच्या समृद्धीविषयी दोन गौरवपर वाक्ये. कोणी, कोठे, कोणत्या वाक्यात तो शब्द वापरला याचा पत्ता नसतो. अशा यादीतील शब्द पेटीत टाचून ठेवलेल्या फुलपाखरांसारखे दिसतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांपुरते तरी हे पुरेसे नाही. येथील काही शब्दांवर माणसांचे सरपण, गुरांची चराई आणि गावाची जमीन अवलंबून आहे. ते शब्द महसुली दप्तरात, कायद्यात आणि न्यायालयीन निकालांत जिवंत आहेत, आणि मराठीच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे पाठ फिरवावी ही गोष्ट चमत्कारिक म्हटली पाहिजे.

आधी आनंदाचीच बाजू पाहू जाता, या प्रदेशाचे नावच अभ्यासास योग्य आहे. प्राकृतात 'झाड' या शब्दाचा अर्थ वेलीझुडपांची दाट जाळी असा होता. प्रमाण मराठीत तो आक्रसून एकटा वृक्ष एवढाच उरला. 'झाडी' या रूपात मात्र दाटपणाचा मूळ अर्थ शाबूत आहे, आणि पूर्व विदर्भाने तो प्रदेशनामात जपला. झाडीपट्टी म्हणजे केवळ झाडे असलेली पट्टी नव्हे. ज्यात शिरणे अवघड अशी ती पट्टी आहे.

झाडीबोलीच्या ध्वनिव्यवस्थेकडे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दीर्घकाळ लक्ष वेधले आहे. या बोलीत ण, ळ, छ, श, ष हे वर्ण आढळत नाहीत. 'ळ'च्या जागी 'र' येतो. डोळ्याचा 'डोरा' होतो, तर वऱ्हाडीत त्याच डोळ्याचा 'डोया' होतो. 'ण'चा 'न' होतो, 'छ'चा 'स' होतो आणि छातीची 'साती' होते. हे नियम पाठ करणे म्हणजे कुलपाच्या किल्ल्या हाती घेणे होय. पावसाळ्यात झाडीपट्टीच्या बाजारात रानातील अळंबी विकायला येते. तिला 'सात्या' म्हणतात. प्रमाण भाषेच्या कानाला हा शब्द अनोळखी व निरर्थक वाटतो. पण 'स'च्या जागी 'छ' ठेवून पाहावे. छात्या, म्हणजे छत्र्या. संस्कृतातील 'छत्र' येथे भूमीतून उगवते. घाटावरचा मराठी माणूस विषारी अळंबीला 'कुत्र्याची छत्री' म्हणतो, बंगाली माणूस तिलाच बेडकाची छत्री म्हणतो, आणि झाडीतील बाई कुत्रा व बेडूक दोघांनाही बाजूला सारून खाण्याजोग्या अळंबीला नुसती 'छत्री' म्हणते. हे रूपांतर लिखित पुराव्याने सिद्ध झालेले नसले तरी बोलीच्या ज्ञात नियमांशी ते पूर्णपणे जुळते, आणि व्युत्पत्तीत एवढी जुळणी मिळणे ही लहान गोष्ट नाही. मोहाच्या फळाला कोणी 'टोळ' म्हणतो, कोणी 'टोर' वा 'टोरी' म्हणतो. तेथेही 'ळ'-'र'चाच खेळ आहे.

धानाचे उदाहरण याहून साधे, पण अधिक बोलके आहे. कोकणात आणि मावळात शेतातील पिकालाही 'भात' म्हणतात व पानातील शिजलेल्या अन्नालाही 'भात'च म्हणतात. 'भात' हा शब्द संस्कृत 'भक्त' म्हणजे अन्न यापासून आलेला आहे. ताटातला शब्द मागे चालत शेतात गेला. झाडीपट्टीत हा घोटाळा झाला नाही. शेतात 'धान', ताटात 'भात'. या भेदाच्या भोवती शब्दांचे एक संपूर्ण कुटुंब उभे आहे. बांध घालून पाणी अडवलेली 'बांधी', तिच्या कडेचा 'धुरा', रोपांचे 'पऱ्हे', त्यांची 'रोवणी', न रोवता थेट पेरलेले 'आवत्या' धान, कापून पसरलेल्या 'कडपा' आणि मळणीपूर्वी रचलेले 'पुंजणे'. 'बोडी' हा शब्दही येथीलच आहे. तिचा अर्थ शेताला पाणी देणारे लहान तळे. प्रमाण मराठीच्या वाचकाला तो शब्द भलताच वाटेल, आणि पुण्या-मुंबईकडील परीक्षक त्यावर हसले तर त्यात नवल नाही.

येथे द्राविडी शेजाराचा प्रश्न येतो. गडचिरोलीच्या दक्षिणेस व पूर्वेस मराठी एकटी नाही. गोंडी, माडिया, तेलुगू आणि हलबी यांच्याशी तिचा रोजचा व्यवहार आहे. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली व द्राविडी-मुंडा भाषांविषयीचा चौथा खंड १९०६ साली निघाला. दोन्हींचे काम स्टेन कोनो या एकाच पंडिताने केले होते. ही दोन पुस्तके एका टेबलावर असलेला तो बहुधा शेवटचा अभ्यासक असावा, असे म्हणण्याचा मोह होतो. त्यानंतर मराठी विभागाने सातवा खंड घेतला आणि चौथा भाषाविज्ञानाच्या कपाटात राहिला. परिणाम असा की, भामरागडच्या 'पामुलगौतमी' नदीच्या नावापाशी मराठीचा विद्यार्थी थबकतो. तेलुगूत 'पामु' म्हणजे साप, हे कळले की नदीचे वळण डोळ्यांपुढे येते. आलापल्ली, एटापल्ली, रेपनपल्ली यांतील 'पल्ली', जिमलगट्ट्यातील 'गट्टा', ठिकठिकाणच्या पाड्यांच्या नावांतील 'गुडा' व 'गुडेम' यांचेही तसेच. 'जावा' या पातळ पेजेचे नाव तेलुगू व गोंडी दोन्हींत ऐकू येते. मोहाच्या फुलाला गोंडीत 'इरुक', तेलुगूत 'इप्पा' व तमिळात 'इलुप्पै' असे म्हणतात. ही तिन्ही नावे एका कुळातील आहेत. मराठी 'मोह' मात्र संस्कृत 'मधूक', प्राकृत 'महुअ' या दुसऱ्याच वंशातून आला. एकाच झाडाखाली फुले वेचणाऱ्या दोन भाषांनी एकमेकींचे नाव घेतले नाही. जे जगण्याच्या केंद्राशी असते, त्याचे नाव उसने घ्यावे लागत नाही, एवढे अनुमान येथे काढता येते.

बरो व भट्टाचार्य यांचा गोंडी बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह १९६० पासून, आणि बरो व एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश १९६१ पासून उपलब्ध आहे. एमेनो यांचे कोलामीवरील पुस्तक तर त्याहीपूर्वीचे, १९५५ चे. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासात कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा 'मराठी व्युत्पत्तिकोश' हाताशी असतो, आणि तो असलाच पाहिजे. पण पूर्व विदर्भातील शब्दांसाठी त्याच्या शेजारी वरील ग्रंथ नसतील तर अभ्यास एका डोळ्याने केल्यासारखा होतो. विश्वनाथ खैरे यांनी मराठी-तमिळ अनुबंधाचा आग्रह धरला, त्याने मराठी अभ्यासकांची संस्कृतनिष्ठ सवय हलली हे मान्य करावे लागेल. तथापि झाडीपट्टीसाठी मदुरेपर्यंत जाण्याआधी एटापल्लीला जाणे अधिक सयुक्तिक आहे. शेजारीण गोंडी असताना दूरच्या नातलगाची साक्ष आधी का काढावी, याचे समाधानकारक उत्तर त्या पद्धतीत मिळत नाही.

लोकव्युत्पत्ती हा या प्रदेशातील सर्वांत रंजक व सर्वांत निसरडा भाग होय. आरमोरी तालुक्यातील वैरागडचे उदाहरण घ्यावे. नाव ऐकताच 'वैर' आणि 'गड' हे दोन तुकडे पडतात, आणि कोणा पुराणप्रसिद्ध राजाचे नाव जोडणाऱ्या दंतकथाही आहेत. प्रत्यक्षात या नावाचा वैराशी संबंध नाही व मुळात गडाशीही नाही. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातील कुलोत्तुंग चोळाच्या तमिळ प्रशस्तीत 'वयिरागरम्' येथे हत्ती पकडल्याचा उल्लेख आहे. शके १२३२ च्या, म्हणजे इ. स. १३१० च्या, रामचंद्र यादवाच्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटात 'वज्राकर' येथील राजाला जिंकल्याचे सांगितले आहे. वा. वि. मिराशी यांनी या स्थळाची ओळख वैरागडशी पटविली. 'वज्र' म्हणजे हिरा, 'आकर' म्हणजे खाण. प्राकृतात 'वज्र'चे 'वइर' झाले, 'आकर'चे 'आगर' झाले आणि हिऱ्यांची खाण 'वइरागर' झाली. 'आइन-इ-अकबरी'तही येथील हिऱ्यांच्या खाणीची नोंद आहे. खाण आटली, अर्थ विसरला गेला, आणि परिसरातील इतर गडांच्या ओढीने 'आगर'चा 'गड' झाला. तमिळ शिलालेख, संस्कृत ताम्रपट व फार्सी ग्रंथ या तीन साक्षी एका गावाच्या नावाला मिळाव्यात, असे भाग्य महाराष्ट्रातील फार थोड्या गावांना लाभले आहे. (चोळांनी हत्ती जेथे पकडले, त्या मुलखात २०२१ नंतर छत्तीसगडकडून रानटी हत्ती पुन्हा येऊ लागले. प्रशस्तीकाराने अतिशयोक्ती केली नव्हती, असे मानण्यास हरकत नाही.)

मराठी वाटणारे, पण वेगळ्याच कुळातील शब्दही या रानात विपुल आहेत. 'मामा तलाव' हे नाव ऐकून मातुलाची कथा रचली जाते. वस्तुतः ते 'माजी मालगुजारी' या सरकारी शब्दप्रयोगाचे आद्याक्षरी रूप आहे. मध्यप्रांतात सारा भरण्याची जबाबदारी असलेला तो मालगुजार. 'माल' अरबी, 'गुजार' फार्सी. मध्यप्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून, मालगुजारी संपली, आणि कोहळी व इतर समाजांनी खपून बांधलेली तळी 'माजी' झाली. एका कायद्याने शब्द निर्माण केला आणि लोकांनी त्याला नात्यात घेतले. 'कूप' हा शब्द तर संस्कृत पंडिताचीही फसगत करील. वनमजूर 'कुपावर जातो' म्हणतो तेव्हा तेथे विहीर नसते. वृक्षतोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा म्हणजे कूप, आणि तो शब्द फ्रेंच 'कूप', म्हणजे तोड, इंग्रज वनाधिकाऱ्यांमार्फत आलेला आहे. दोन सर्वस्वी भिन्न शब्द ध्वनीने एक झाले. 'तेंदू' या हिंदी व्यापारी नावाने येथील 'टेंभुर्णी' मागे सारली, हीदेखील अशीच एक लहानशी शोकांतिका आहे. सत्तर पानांचे पुडके बांधणारी बाई आज झाडाचे नाव ठेकेदाराच्या भाषेत घेते.

येथपर्यंत आनंद आहे. यापुढील तीन शब्द मात्र वेगळ्या गंभीरतेने घ्यावे लागतात.

पहिला शब्द 'निस्तार'. संस्कृतात निस्तार म्हणजे पार जाणे, सुटका. प्रमाण मराठीत 'निस्तरणे' हे क्रियापद वैतागाच्या सुरात उरले आहे. 'तुझा घोळ तूच निस्तर.' पूर्वीच्या मध्यप्रांतात मात्र या शब्दाने फार मोठा अर्थ धारण केला. घराच्या छपराला लाकूड, नांगराला जू, चुलीला सरपण, गुरांना चराई, या सर्वांसाठी गावाने शेजारच्या रानाचा उपयोग करण्याचा परंपरागत हक्क म्हणजे निस्तार. वर्ष पार पाडण्यास जे लागते ते निस्तार, असा अर्थ लावला तर संस्कृत मूळ आणि महसुली उपयोग यांतील दुवा सहज दिसतो. शेजारच्या छत्तीसगडात रोजच्या वापराच्या तळ्याला 'निस्तारी' म्हणतात, त्यातही हाच अर्थ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तारपत्रक आणि 'वाजिब-उल-अर्ज' यांची विदर्भापुरती स्वतंत्र तरतूद आहे. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्यात सामुदायिक हक्कांचे वर्णन करताना हाच शब्द, कोणत्याही नावाने ओळखला जात असला तरी, अशा पुस्तीसह केंद्रीय विधानात आला. 'कोणत्याही नावाने' ही पुस्ती भाषाभ्यासकासाठी एक निमंत्रणच आहे. कोणत्या गावात कोणत्या नावाने, हे कोण सांगणार? एका प्रादेशिक शब्दाला देशाच्या कायद्यात स्थान मिळाले, आणि मराठी विभागांनी त्यावर टिपण लिहिल्याचे सहसा दिसत नाही. वनाधिकारी, वकील आणि कार्यकर्ते यांनीच त्याचा अर्थ लावला.

दुसरा शब्द 'झुडपी'. पूर्वीच्या मध्यप्रांताच्या दप्तरात 'बडे झाड का जंगल' आणि 'छोटे झाड का जंगल' अशा हिंदी नोंदी असत. मराठी भाषक जिल्ह्यांत 'झुडपी जंगल' ही नोंद रूढ झाली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. ही जमीन वन आहे की गावाचे गायरान, हा वाद दशकानुदशके चालला. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशात सर्वोच्च न्यायालयाने 'फॉरेस्ट' हा शब्द त्याच्या कोशगत अर्थाने घ्यावा असे म्हटले होते. साहित्याच्या अभ्यासकाने हे वाक्य लक्षपूर्वक वाचावे. हजारो हेक्टर भूमीचे भवितव्य कोशातील अर्थावर सोपविले गेले. मग प्रश्न येतो, कोणत्या भाषेचा कोश? इंग्रजी शब्द एक अर्थ सांगतो. 'जंगल' या शब्दाचा इतिहास तर याच्या उलट आहे. संस्कृतातील 'जाङ्गल' म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा, मोकळा प्रदेश. आयुर्वेदात तो पाणथळ 'आनूप' देशाच्या विरोधी अर्थाने येतो. आजचा दाट अरण्याचा अर्थ पुढचा आहे. विशेष हे की, 'झुडपी जंगल' या जोडशब्दात 'जंगल'चा तो जुना, विरळ अर्थ नकळत परत येतो. खुरटी झुडपे आणि मोकळे चराऊ रान. २२ मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या आदेशास अनुसरून ही जमीन वन मानली, आणि त्या तारखेपूर्वीच्या वाटपांसाठी वेगळा मार्ग ठेवला. निकाल योग्य की अयोग्य, हा येथील विषय नाही. पण एका मराठी विशेषणाचा अर्थ दिल्लीत तपासला जात असताना त्या शब्दाचा इतिहास सांगणारा एकही मराठी शोधनिबंध सहजपणे हाती लागू नये, ही विभागांची उणीव आहे. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तिसरा शब्द 'गौण'. 'गौण वनोपज' हा वनखात्याचा पारिभाषिक शब्द आहे. इमारती लाकूड मुख्य, बाकी सर्व गौण. मोहफूल, टोळ, चारोळी, डिंक, तेंदूपाने, मध, लाख ही सारी गौण. ज्या घरात वर्षाचा रोख पैसा याच वस्तूंतून येतो, तेथे गौण काय आणि मुख्य काय? परिभाषा खजिन्याच्या दृष्टीने घडली, माणसाच्या दृष्टीने घडली नाही. बांबूचा प्रवास याहून उद्बोधक आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येत बांबू होता. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात घातले, आणि २०१७ साली वन अधिनियमाच्या वृक्षव्याख्येतून तो वगळण्यात आला. म्हणजे काही वर्षे बांबू एका कायद्यात झाड होता व दुसऱ्यात नव्हता. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामुदायिक वनहक्क मिळूनही बांबू विकण्याचा वाहतूक परवाना हाती येण्यास २०११ उजाडले. या काळात गावात बांबूचे कोंब, ज्यांना 'वास्ते' म्हणतात, शिजतच होते. 'वास्ते' हा शब्द वंश-वांस-बांस या कुळातील दिसतो. गोंडीत आणि तेलुगूत बांबूला 'वेदुर'सारखी नावे आहेत. प्रमाण मराठीने 'वेळू' आणि 'कळक' हे आपले शब्द मागे टाकून सातासमुद्रापारचा 'बांबू' स्वीकारला. कायद्याला आणि भाषेला, दोघांनाही, या गवताने बराच काळ चकविले.

म्हणींची कथा काहीशी वेगळी आहे. मॅनवेरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह १८९९ मध्ये निघाला, तर दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश १९४२ व १९४७ साली दोन भागांत. म्हण आणि तिचा अर्थ, अशीच मांडणी तेव्हापासून रूढ आहे. परंतु म्हणीचा अर्थ प्रसंगात असतो. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण सर्वत्र सारखेच, या अर्थाने कोशात दिली जाते. पळस ज्यांच्या अंगणात आहे, त्याच्या पानांच्या पत्रावळी ज्यांनी लावल्या आहेत, त्यांना पाने मोजण्याची गरज नसते. (वनस्पतिशास्त्रज्ञ येथेही वाद घालील. त्याच्या मते ते एकच त्रिदली पान आहे.) मिरची तोडण्यासाठी तेलंगणात गेलेला गडचिरोलीचा मजूर परत आल्यावर ही म्हण उच्चारील तर ती तत्त्वज्ञान राहत नाही. तिच्यात मजुरीचा हिशेब असतो. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण मुळात लाकडाविषयीच आहे. इसापाच्या नावावरील कथांतही झाडांनी कुऱ्हाडीला दांडा दिल्याची गोष्ट आढळते. शहरात ती फितुरीला लावली जाते. कुपावर तोड करणारा गावचाच तरुण असेल, तर ती रूपक राहते की वर्णन होते, हे ऐकणाऱ्याने ठरवावे. 'वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो' या म्हणीचे तसेच आहे. ताडोब्याच्या कडेच्या गावांत मोह वेचायला पहाटे निघणाऱ्या बाईच्या तोंडी ती आली, तर ती नम्रतेच्या निरर्थकतेविषयी नसते. संग्राहकाने ही म्हण कोणत्या वेळी, कोणाला उद्देशून, कोणत्या स्वरात उच्चारली गेली हे लिहिले नाही, तर त्याने टरफल आणले आणि दाणा तेथेच ठेवला असे म्हणावे लागेल.

कोशांची मर्यादाही या संदर्भात ध्यानात घ्यावी. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली मुंबई इलाख्यात सिद्ध झाला. तेव्हा चांदा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि नागपूरचे राज्य खालसा होऊन तेव्हा उणीपुरी तीन वर्षे झाली होती. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाला, तेव्हाही हा मुलूख मध्यप्रांतातच होता. कोशकारांना दोष देण्याचा हेतू नाही. राजकीय सीमा आणि शब्दसंकलनाच्या वाटा एकमेकींना किती धरून असतात, एवढेच यावरून दिसते. बोरकर यांचा झाडीबोलीचा शब्दकोश आणि अरुण जाखडे यांनी संपादित केलेला भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा २०१३ चा महाराष्ट्र खंड यांनी हे अंतर काही प्रमाणात भरून काढले. झाडीपट्टी रंगभूमीलाही, परशुराम खुणे यांना २०२३ साली मिळालेल्या पद्मश्रीने, उशिरा का होईना, दखल मिळाली. तरी महसुली आणि वनविषयक शब्दसंपदेचे क्षेत्र रिकामेच आहे.

गोंडवाना विद्यापीठ २०११ साली गडचिरोलीत स्थापन झाले. हे क्षेत्र हाती घेण्यास त्याहून सोयीचे ठिकाण नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला शंभर म्हणींची यादी करण्यास सांगण्याऐवजी एका गावाचे निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज वाचण्यास द्यावे. त्यातील प्रत्येक शब्दापुढे आज तो कोण बोलतो, कोणत्या अर्थाने बोलतो आणि गोंडीत किंवा तेलुगूत त्याला काय म्हणतात, हे त्याने लिहावे. 'रिठी' म्हणून नोंदलेल्या ओसाड गावाचे नाव अजून कोणाच्या तोंडी आहे, हेही विचारावे. असा एकेक निबंध पन्नास पानांचा झाला तरी चालेल. त्यास साहित्य म्हणावे की नाही, याची चिंता करणाऱ्यांनी लीळाचरित्रातील गावांची आणि वस्तूंची नावे एकदा मोजून पाहावीत.

या कामाला घाई आहे. वनहक्क नियमांनुसार दाव्याच्या पुराव्यांमध्ये दावेदाराव्यतिरिक्त इतर वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन ग्राह्य धरले जाते. गावाची सीमा सांगताना म्हातारा गोंडीत सांगतो. अमुक ओढा, अमुक खडक, अमुक पेनाचे ठाणे. लिहिणारा ते मराठीत उतरवितो, आणि ओढ्याचा 'नाला', खडकाचा 'दगड', पेनाच्या ठाण्याचे 'देवस्थान' होते. नकाशावर नाले अनेक असतात. म्हाताऱ्याने सांगितलेला ओढा एकच होता, आणि त्याचे नाव कागदावर आलेले नसते.